साडेतीन ते साडेचारमधला तास

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पाण्याच्या मोटारीच्या बटनाजवळ भिंतीवर एक घड्याळ आहे. ते पंधरा मिनिटं पुढे आहे आणि तेही मुद्दाम. सोसायटीच्या अध्यक्षानं ते पुढे केलं, म्हणजे म्हणे लोक सभेला वेळेवर येतील. पण ते पुढे आहे हे प्रत्येकाला ठाऊक आहे, त्यामुळे प्रत्येक जण त्याच्याकडे बघतो, मनातल्या मनात पंधरा मिनिटं वजा करतो आणि निवांत होतो. दहाची सभा पावणेअकराला सुरू झाली तर लवकर सुरू झाली म्हणतात. घराघरातही तेच. कुणाचं घड्याळ दहा मिनिटं पुढे, कुणाचं वीस. खरी वेळ विचारली तर सगळे खिशातला मोबाईल काढतात.

अशा या लोकांनी एका मुलीच्या एका तासाचा हिशेब मागितला. ते आठवलं की अजून मला शिसारी येते. लिहिताना हात थोडा जड पडला तर वाचणाऱ्यानं समजून घ्यावं.

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत राहते. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. अक्षांश, रेखांश, प्रमाणवेळ हे सगळं इतक्या वेळा फळ्यावर काढलंय की झोपेत उठवलं तरी पृथ्वीचा गोल नीट काढीन. अध्यक्ष माझाच विद्यार्थी. आता त्याचं टाइल्स आणि नळांचं मोठं दुकान आहे, गळ्यात साखळी आहे, पण मला तो बाई म्हणतो आणि मी त्याला अरे-तुरे करते. प्रमाणवेळेचा प्रश्न त्यानं परीक्षेत नक्की ऑप्शनला टाकला असणार.

मुलगी चंदगडकडची. गेल्या वर्षी संक्रांत झाल्यावर माझ्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहायला आली. अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं तपासून विमा कंपन्यांकडे पाठवायची, असं तिचं काम. तिकडचे दवाखाने तिकडे उजाडलं की उघडणार, म्हणजे इकडे हिनं दिवस मावळताना निघायचं आणि पहाटे परतायचं. ऑफिसची गाडी दारात येऊन न्यायची आणि दारात आणून सोडायची. दुपारी झोप झाली की ती माझ्याकडे चहाला यायची. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. पावसाळ्यात त्यांच्याकडे चार-चार महिने कपडे वाळत नाहीत, मग चुलीवर दोरी बांधून वाळवतात आणि कॉलेजला गेलं तरी अंगाला धुराचा वास येतो, हे तिनं मला सांगितलं होतं. या नोकरीतला पहिला पगार झाल्यावर तिनं आधी सुगंधी साबण आणला.

वडिलांनी तिला पाठवलं ते एका अटीवर. त्यांना ती अण्णा म्हणायची. रात्रीची नोकरी म्हटल्यावर भावकीनं आधीच नाकं मुरडली होती. अण्णांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि हिला एवढंच सांगितलं, की जा, पण गावात तुझ्याविषयी एक शब्द आला तर त्या दिवशी बॅग भरायची. ती हे हसत सांगायची. शब्द यायला मी करतेय काय, काम आणि झोप, असं म्हणायची. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

मार्चमध्ये एकदा ती चहाला आली ती घाईतच. आजपासून एक तास लवकर निघायचं, तिकडे घड्याळं पुढे केली, म्हणाली. मला माहीत होतं. उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, त्याचा उजेड संध्याकाळी वापरायला मिळावा म्हणून ते लोक घड्याळाचा काटा एक तास पुढे सरकवतात आणि नोव्हेंबरात परत मागे आणतात. डेलाइट सेव्हिंग म्हणतात त्याला. आपल्याकडे ही भानगड नाही, त्यामुळे तिकडच्या तालावर नाचणाऱ्या इकडच्या पोरांना वर्षातून दोनदा आपलं जेवणखाण, झोप सगळं सरकवावं लागतं. घरी सांगितलंस का, म्हणून मी विचारलं. तर म्हणाली, अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, त्यांचं घड्याळ हाय, त्यांनी कायबी करावं, तू गाडी चुकवू नको.

म्हणजे मार्चपासून गाडी साडेपाचला न्यायला यायची आणि पहाटे साडेतीनला सोडायची. मे महिन्यात कुणाच्या तरी मोटारसायकलमधलं पेट्रोल चोरीला गेलं आणि सोसायटीनं गेटवर कॅमेरा बसवला. त्याचं चित्र अध्यक्षाच्या मोबाईलवर दिसतं. पेट्रोलचोर काही सापडला नाही.

नोव्हेंबरात दिवाळी होऊन गेल्यावर अध्यक्षानं मला जिन्यात थांबवलं. आवाज खाली आणून म्हणाला, बाई, जरा हे बघा. मोबाईलवर आमचं गेट. गाडी येते, मुलगी उतरते, ओढणी डोक्यावरून घेते, आत येते. एवढंच. त्यानं असे बरेच तुकडे वेगळे काढून ठेवले होते. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा.

"गणपतीत साडेतीन. दसऱ्याला साडेतीन," तो म्हणाला, "आणि आता गेला आठवडाभर साडेचार. रोज. मधला एक तास ही कुठं असती, बाई?"

बोलता बोलता त्यानं दोन बोटांनी तिचा चेहरा मोठा केला, नीट दिसावा म्हणून. मला त्या बोटांची किळस आली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, लेकीच्या वयाच्या मुलीला हा माणूस रोज सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या बघत होता आणि याला तो सोसायटीचं काम म्हणत होता.

मी त्याला शांतपणे समजावलं, म्हणजे माझ्या मानानं शांतपणे. अमेरिकेची घड्याळं मागे गेली, म्हणून तिचं काम एक तास उशिरा सुरू होतं आणि एक तास उशिरा संपतं. जानेवारीत ती आली तेव्हाही साडेचारलाच यायची, तेव्हा कॅमेरा नव्हता म्हणून तुला दिसलं नाही. आणि आता जाते तीही साडेपाचऐवजी साडेसहाला. तुझ्याच कॅमेऱ्यात दिसेल, संध्याकाळचं बघ.

"जाताना कशाला बघायचं?" तो म्हणाला.

त्याच्या आवाजात खोटेपणा नव्हता. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. पोरगी संध्याकाळी बाहेर पडते त्यात बघण्यासारखं काय आहे, बघायचं ते पहाटे परत येतानाचं. मी वर आले आणि पाय धुतले. बाहेरून आल्यासारखे.

दोन दिवसांत त्यातला एक तुकडा सोसायटीच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, 'सभासदांनी दक्षता घ्यावी.' आणि मग चर्चेचं जे गुऱ्हाळ सुरू झालं ते काही विझेना. गंमत अशी, की मुलीविषयी उघड कुणी बोलत नव्हतं, सगळे अमेरिकेविषयी बोलत होते. एखादा देश असा काटा धरून फिरवतो व्हय? खरं असतं तर आपल्याकडं आला असता की कायदा. एकानं लिहिलं, आपली म्हैस तिच्या टायमालाच पान्हा सोडती, अमेरिकेत काय जनावरं न्हाईत? त्यांना कोण सांगणार घड्याळ मागं गेलं म्हणून? त्याखाली हसणाऱ्या तोंडांच्या इमोजी पडल्या. गल्लीच्या टोकाला सकाळी म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला उभे राहणारे लोकही मिशीवरचा फेस पुसत हेच बोलायला लागले. मी जाताना दिसले की एखादा मुद्दाम मोठ्यानं विचारायचा, काय बाई, आज किती वाजले अमेरिकेत? मी उत्तर द्यायचे. उत्तर कुणाला हवं नसायचं.

मुलगी त्या आठवड्यात चहाला आली ती गप्प. ग्रुपवर ती नव्हती, भाडेकरूंना घेत नाहीत. पण फ्लॅटमालकांनी तिला सांगितलं होतं. फ्लॅटमालकांचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान आहे, त्यांच्या आजोबांपासून तोच धंदा. ते माझ्याकडेही येऊन गेले. मॅडम, पोरगी चांगली आहे, मी काढणार नाही, म्हणाले. मुलीला मात्र फ्लॅटची काळजी नव्हती. तिचं एकच चाललं होतं. हे गावाकडे जायला नको, काकू. बाकी काय वाटेल ते म्हणू देत.

रविवारी सकाळी दहाला सभा लावली. म्हणजे पावणेअकराला लोक जमले. पार्किंगमध्ये, त्या घड्याळाखालीच, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मुलीला खुर्ची दिली नाही. दिली नाही म्हणजे कुणाला सुचलं नाही. मी माझी देऊ केली तर ती बसेना. खांबाला टेकून उभी राहिली.

मी घरून पृथ्वीचा गोल नेला होता. आज हसू येतं, पण तेव्हा मला वाटलं होतं की नीट समजावलं तर समजतील. मी सूर्य कुठे, अमेरिका कुठे, सगळं दाखवलं. लोकांनी फार आवडीनं ऐकलं, तिथेच घात झाला. एका वकिलानं सांगितलं की आसामात चहाच्या मळ्यांत वेगळी वेळ पाळतात. मग भारतात दोन वेळा असाव्यात की नसाव्यात यावर वाद जुंपला. कुणी म्हणालं, देश एक तर वेळ एक. कुणी मला विचारलं, बाई, आपल्याकडं सूर्य नेमका किती उशिरा येतो? मी मूर्खासारखी उत्तर देऊन बसले, की ज्या रेखावृत्तावरून आपली वेळ धरतात त्याच्या मानानं कोल्हापूर पश्चिमेला आहे, घड्याळात बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे मध्यान्ह व्हायला अर्धा तास उरलेला असतो. झालं. कोल्हापूरवर अन्याय झाला यावर सगळ्यांचं एकमत झालं. आपली वेळ वेगळी पाहिजे म्हणाले. करवीर प्रमाणवेळ, असं तिचं बारसंही उरकलं. माणसं खुर्च्या पुढे ओढून ओढून बोलत होती, चेहरे खुलले होते. आणि जिच्यासाठी सभा बोलावली ती पोरगी पहाटे कामावरून येऊन, पुरती झोपही न घेता, खांबाशी उभी होती. मला इतका वीट आला की गोल उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालावा असं वाटलं.

मध्ये फक्त फ्लॅटमालक बोलले.

"आमच्यात रमजानात टाइम रोज बदलतोय," ते म्हणाले. "कुणी पहाटे खिडकीत दिवा दिसला म्हणून विचारत न्हाय, का उठलासा म्हणून. ही पोरगी कामावर जाती आणि येती. एवढंच हाय हे."

वकील म्हणाला, तो विषय वेगळा आहे.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त साहेबांचा फोन वाजला. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो, दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आधी बरोबर साडेदहाला यायचा, हल्ली साडेअकराला येतो, सूनबाईंचं आवरत नाही लवकर. फोन उचलला आणि मुलालाही तेच विचारलं, की काय रे, हल्ली एवढा उशीर का?

"उशीर कुठे बाबा? नेहमीच्याच वेळेला केला," तिकडून आवाज आला. "इथली घड्याळं मागे गेली ना दोन आठवड्यांपूर्वी."

सगळ्यांच्या माना फोनकडे वळल्या. साहेबांनी दोन वेळा व्हय काय, व्हय काय केलं. मग अध्यक्षानं फोन हातात घेऊन त्याला पुन्हा विचारलं, पूर्ण एक तास? सगळ्यांची? पूर्ण एक तास, सगळ्यांची. आणि सगळ्यांना पटलं. मी आठ दिवस सांगत होते ते पटलं नव्हतं. तिच्या ऑफिसला फोन करून विचारा म्हटलं होतं, तो कुणी केला नव्हता. साहेबांच्या मुलानं अर्ध्या मिनिटात पटवून दिलं. साहेबांनी आपल्या सुनेला आठवडाभर आळशी ठरवलं होतं, त्याबद्दल त्यांच्या तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही.

मग चहा आला, भडंग आलं. सगळे मोकळे झाले. अध्यक्ष म्हणाला, चला, मिटलं. अमेरिकेचं घड्याळ मागं गेल्याचं सभेला मान्य आहे, असं लिहून घ्या, म्हणाला आणि त्यात त्याला काही विनोदी वाटलं नाही. वर एक ठरावही झाला, की यापुढे अमेरिकेनं वेळ बदलली तर मुलीनं सोसायटीला आधी कळवावं. कुणीतरी तिच्यापुढे चहाचा कप धरला.

तिनं कप घेतला नाही.

"आणि तो व्हिडिओ?" तिनं विचारलं. "तो आमच्या गावात गेलाय. कालपासून अण्णा माझा फोन उचलत न्हाईत."

इमारतीतल्या कुणाचा तरी मेव्हणा चंदगडला असतो. त्याला गंमत म्हणून पाठवला होता. कुणाचा मेव्हणा ते मला अजून कळलेलं नाही, कारण त्या क्षणी सगळे भडंगाकडे बघत होते.

"ग्रुपवरनं डिलीट मारलाय की कवाच," अध्यक्ष म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा एसटीनं आले. आधी माझ्याकडे आले, कारण मुलीनं माझं नाव सांगितलं होतं. धोतर, डोक्याला टोपी, हातात नव्या घनसाळ तांदळाची पिशवी. ती त्यांनी माझ्यासाठी आणली होती. लेकीची बेअब्रू झालेल्या इमारतीत यायचं आणि तरी रिकाम्या हातानं यायचं नाही, या माणसाच्या रीतभातीनं मला आणखीच लाज वाटली. मी पाणी दिलं आणि घाईघाईनं अमेरिकेचं घड्याळ समजावायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"घड्याळाचं मला ठावं हाय, बाई. पोरीनं उन्हाळ्यातच सांगितल्यालं. माझा तिच्यावर इश्वास हाय. पण तिला न्यायला आलोय."

मग नेता कशाला, मी विचारलं.

"गावात कुणाकुणाला गाठून सांगू? एकाला अमेरिका समजावतोय तवर धा जणांनी त्यो व्हिडिओ बघून पुढं धाडल्याला असतोय. बघणाऱ्याला घड्याळ दिसत न्हाय, बाई. पोरगी दिसती. माझी दुसरी पोरगी हाय अजून घरात."

मी त्यांच्यावरही चिडले. म्हटलं, तुमचा विश्वास आहे ना, मग त्याचा तिला उपयोग काय? चूक कुणाची आणि बॅग कुणी भरायची? तिला माझ्या घरी ठेवा, माझी जबाबदारी. त्यांनी पाण्याचं भांडं बाजूला सरकवलं. मग म्हणाले, इमारत तीच की. आणि उठले.

तिची बॅग भरायला वेळ लागला नाही. ऑफिसचा हेडफोन आणि लॅपटॉप परत द्यायचा होता, तो फ्लॅटमालकांनी स्वतः नेऊन दिला. ती रडली नाही. जाताना माझ्या पाया पडली आणि म्हणाली, काकू, पुढच्या महिन्यात मला टीम लीडर करणार होते, तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं, पेढे घेऊनच सांगणार होते. मी तिला उठवून जवळ घेतलं. खाली कॅमेऱ्याच्या समोरून जाताना तिनं ओढणी डोक्यावर घेतली आणि बापाच्या मागोमाग रिक्षात बसली. ते चित्र कुणी मोठं करून बघितलं की नाही, देव जाणे.

त्यानंतर तिचा फोन दोनदा आला. त्यांच्या घरात रेंज नाही, मागच्या टेकाडावर यावं लागतं. पहिल्यांदा म्हणाली, झोपेचं अजून बसत नाही, रात्रभर जागीच असते. दुसऱ्यांदा म्हणाली, स्थळ बघतायत.

वरचा फ्लॅट अजून रिकामा आहे.

परवा संध्याकाळी मी भाजी घेऊन येत होते. अध्यक्ष पार्किंगमध्ये पाण्याची मोटार लावायला उभा होता. मला बघून त्याचा चेहरा फुलला, परीक्षेत एखादं उत्तर बरोबर आलेल्या मुलासारखा. म्हणाला, बाई, आज रात्री अमेरिकेत घड्याळं एक तास पुढं जाणार, ग्रुपवर टाकलंय मी. मार्चमध्ये पुढं, नोव्हेंबरात मागं. लोकांना माहितीच नसती हो, जनरल नॉलेज वाढलं पाहिजे. मग त्यानं मला, मला, डेलाइट सेव्हिंग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बरोबर सांगितलं. एक चूक नाही.

मी पिशवी खाली ठेवली.

"म्हणजे आता गाडी परत साडेतीनला येणार," मी म्हटलं.

"कुणाची गाडी?" त्यानं विचारलं.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यात काही लपवलेलं नव्हतं. तो खरंच आठवत होता, कोणती गाडी, कुणाची, आणि त्याला आठवत नव्हतं. मग त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मनातल्या मनात पंधरा मिनिटं वजा केली आणि मोटारीचं बटन दाबलं.